चेसिस नंबर आणि टायरची हवा: दोन्ही गाडीवरच लिहिलेलं असतं, वाचायचं कसं

नात्यात कुणी जुनी गाडी बघायला निघालं की आदल्या रात्री मला फोन येतो. नोकरी सगळी धुळ्याला एसटीच्या कार्यशाळेत, टायरच्या कामावर गेली. आता निवृत्त आहे, पण भाचे-पुतणे गाडी घेताना "मामा, तू चाल" म्हणतात आणि मीही आनंदाने जातो. गाडी बघताना मंडळी रंग बघतात, सीट कव्हर बघतात, एसी गार आहे का बघतात. मी आधी चेसिस नंबर शोधतो आणि मग ड्रायव्हरचं दार उघडून आतला स्टिकर वाचतो. गाडी कोण आहे ते नंबर सांगतो आणि तिच्या टायरला किती हवा लागते ते स्टिकर सांगतो. दोन्हींसाठी मेकॅनिक लागत नाही. लागतो तो मोबाईलचा टॉर्च, एक जुनं फडकं, हवा मोजायचं स्वतःचं गेज आणि सकाळचा अर्धा तास.

आधी नंबराचं बघू.

आरसी हातात घ्या. त्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर छापलेले असतात, शिवाय गाडी कोणत्या महिन्यात आणि वर्षी बनली तेही असतं. चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. आधी मोजा. सोळा भरले तर वाचताना एक सुटलं आहे. आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं या नंबरात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणून गोल काही दिसलं तर ते शून्य धरा, नाहीतर डी आहे का ते नीट बघा. घोटाळा होतो तो ८ आणि बी, ५ आणि एस, २ आणि झेड यांच्यात. मी एक जण आरसी वाचायला बसवतो आणि दुसरा गाडीवरचा नंबर मोठ्याने म्हणतो, एकेक अक्षर. एकट्याने वाचलं की डोळा आरसीवरचंच गाडीवर बघतो.

पहिली तीन अक्षरं कंपनीची. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना एम ए ३, महिंद्राला एम ए १, टाटाला एम ए टी, ह्युंदाईला एम ए एल. समोर मारुती उभी आहे आणि नंबर एम ए एल ने सुरू होतोय, तर तिथेच थांबा. पुढे वर्षाचं एक अक्षर असतं. बऱ्याच कंपन्या ते दहाव्या जागी ठेवतात, पण सगळ्यांची पद्धत एक नाही. २०१८ ला जे, २०१९ ला के, २०२० ला एल, २०२१ ला एम, २०२२ ला एन, २०२३ ला पी, २०२४ ला आर. ओ आणि क्यू गाळल्यामुळे एन नंतर पी येतो आणि पी नंतर थेट आर. आरसीवरच्या वर्षाशी हे ताडून बघा. विकणारा "१९ चं मॉडेल" म्हणतो तेव्हा गाडी १९ मध्ये बनली की १९ मध्ये पासिंग झाली, ते इथे उघड होतं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत रजिस्टर होणं नेहमीचं आहे, त्यात लबाडी नसते. किंमत मात्र बनल्याच्या वर्षावर बोलावी.

आता हा नंबर गाडीवर कुठे असतो? एक छापील पट्टी असते, बहुधा बोनेटच्या आत किंवा दाराच्या मधल्या खांबावर. पट्टी रिबिटने ठोकलेली किंवा चिकटवलेली असते, म्हणजे ती काढता येते. खरा पुरावा म्हणजे लोखंडावर कोरलेला नंबर. ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांत तो पुढच्या पॅसेंजर सीटखाली, जमिनीच्या पत्र्यावर असतो. सीट पूर्ण मागे सरकवा, मॅट काढा. कार्पेटला तिथे एक झडप कापलेली असते, ती उचलली की नंबर. जुन्या मारुती ८०० आणि अल्टोला बोनेट उघडून इंजिनाच्या मागच्या आडव्या पत्र्यावर बघायचा. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांची खाली वेगळी चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा असतो, तिथे तो उजव्या बाजूच्या लोखंडी दांडीवर, पुढच्या चाकाजवळ कोरलेला असतो. आपल्याकडच्या शेतात फिरलेल्या बोलेरोला तिथे काळी माती अशी बसलेली असते की नंबर आहे की नाही हेच कळत नाही. भाचा पहिल्यांदा चाकामागे वाकला तेव्हा लगेच ओरडला, "मामा, आठे ते काईच नही!" पाण्याने माती भिजवली, दहा मिनिटं थांबलो, फडक्याने पुसलं, तर सगळे आकडे लख्ख. तुमच्या मॉडेलला तो नेमका कुठे आहे ते गाडीबरोबरच्या पुस्तकात चित्रासह दिलेलं असतं, ग्लोव्ह बॉक्समध्ये बघा. मोटरसायकलला हँडल वळवलं की त्याच्या मानेवर नंबर दिसतो.

पुसताना एक काळजी घ्या. गंज किंवा ग्रीस असेल तर रॉकेल किंवा डिझेलचा ओला बोळा फिरवा. तारेचा ब्रश जोरात मारू नका. कानस आणि पॉलिश पेपर तर हातातच घेऊ नका. नंबराभोवती घासल्याच्या खुणा पडल्या की पुढे आरटीओत गाडी तपासणारा माणूस नंबराशी छेडछाड झाली असंच समजणार, आणि त्याचं समजणं चूक म्हणता येणार नाही.

छेडछाड ओळखायची कशी? टॉर्च समोरून मारू नका, बाजूने आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या खोलगटीत सावली पडते. कंपनीतून निघालेली अक्षरं एका ओळीत, एका खोलीची, सारख्या अंतराची असतात. काही कंपन्या ठिपक्या-ठिपक्यांनी कोरतात, काही सलग ठोकतात, पण एका गाडीवर दोन तऱ्हा नसतात. नंबराच्या सुरुवातीला आणि शेवटी तारा किंवा तसलं चिन्ह असेल तर तेही बघा. मधलंच एखादं अक्षर जास्त खोल असेल, नंबराच्या चारी बाजूंनी वेल्डिंगचा फुगवटा असेल, तेवढ्याच तुकड्यावर रंग ताजा असेल किंवा पत्र्यावर ग्राइंडरच्या रेघा असतील, तर गाडी घेऊ नका. विकणाऱ्याने स्वस्तात दिली तरी नको. चोरीची निघाली तर गाडी जाते, पैसे जातात आणि वरून पोलिस ठाण्याच्या फेऱ्या. गंजाने नंबर खरोखर खाल्ला असेल तर आरटीओच्या परवानगीने तो पुन्हा कोरून मिळतो आणि त्याचा कागद असतो. तो कागद मागा.

नाव ट्रान्सफर करताना फॉर्म २९ आणि ३० लागतात आणि त्यावर चेसिस नंबराचा पेन्सिल छाप लावावा लागतो. तो घरीच घेता येतो. नंबर पुसून कोरडा करा. पातळ कागदाची पट्टी त्यावर ताणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. मऊ शिशाची पेन्सिल उभी न धरता पूर्ण आडवी धरा आणि हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवत जा. अक्षरं पांढरी आणि आजूबाजू काळी उमटते. कागद हलला तर अक्षर दुहेरी येतं, मग नवी पट्टी घ्या. मी दोन छाप काढतो, एक फॉर्मला आणि एक आपल्या फायलीत.

इंजिन नंबर इंजिनच्या ब्लॉकवर असतो, बहुतेकदा गिअरबॉक्स जिथे जुळतो त्याच्या आसपास. हात पोचतो पण डोळा पोचत नाही, म्हणून मोबाईल आत घालून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. इंजिन गार असतानाच हे करा. १७ चा नियम इथे नाही, प्रत्येक कंपनीची आपली रीत. मारुतीच्या १२०० सीसीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांचा नंबर के १२ ने सुरू होतो आणि १३०० सीसीच्या डिझेलचा डी १३ ने. इंजिन बदललेलं असेल तर ते आरसीवर चढवलेलं हवं. सीएनजी बसवलेली असेल तर तीही आरसीवर हवी, आणि टाकीवरच्या पाटीवर शेवटच्या चाचणीची तारीख बघा. ही चाचणी दर ३ वर्षांनी करायची असते.

खान्देशात घरटी कुणी ना कुणी सुरतला आहे, त्यामुळे जीजे पासिंगच्या गाड्या नवापूरमार्गे आपल्याकडे खूप येतात. त्यात वाईट काही नाही, चांगल्या ठेवलेल्या गाड्या मिळतात. फक्त तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका आणि एनओसीवरचा चेसिस नंबरसुद्धा गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. एमएच १८ धुळे, १९ जळगाव, ३९ नंदुरबार एवढं सगळ्यांना पाठ असतं, पण नंबर प्लेट ही गाडीची ओळख सांगणारी सगळ्यात कच्ची खूण आहे, दोन स्क्रूवर बदलते. आता हाय सिक्युरिटी प्लेट आली म्हणून बरं झालं. तिच्यावर लेसरने कोरलेला वेगळा नंबर असतो, आणि कारच्या पुढच्या काचेवर आतून स्टिकर असतो. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. डिझेल गाडीच्या काचेवर निळा स्टिकर दिसला तर काच, स्टिकर किंवा गाडी यातलं काहीतरी दुसऱ्याचं आहे.

परिवाहनच्या संकेतस्थळावर बरीच कामं करताना चेसिस नंबरची शेवटची पाच अक्षरं विचारतात. ती आरसीवरून टाकण्याआधी एकदा गाडीवरून वाचलेली असू द्या.

आता हवा

ही माझ्या कामाची जागा, म्हणून जरा थांबून सांगतो.

पंपावर गाडी लागते, पोरगा नळी घेऊन येतो आणि मालक काच खाली करून म्हणतो, "भाऊ, पस्तीस टाकी दे." सगळ्या गाड्यांना पस्तीस. हा आकडा कुठून आला ते कुणाला विचारलं तर सांगता येत नाही. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर मधल्या खांबावर, खालच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर आहे. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. स्टिकरवर टायरचा साईज, पुढच्या चाकांची हवा, मागच्या चाकांची हवा, आणि बहुतेक ठिकाणी दोन रकाने असतात: थोडी माणसं असताना आणि गाडी पूर्ण भरलेली असताना. एकाच मॉडेलला दोन साईज येत असतील तर दोन ओळी असतात. आपल्या टायरवर कोणता साईज लिहिलाय तो आधी बघा, मग ती ओळ वाचा.

आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे पंपावरचा पस्तीस ज्या मापात असतो त्यात असतील तर सोपं. किलोपास्कलमध्ये असतील तर सातने भागा, जवळपास उत्तर येतं. नेमकं सांगायचं तर २२० म्हणजे ३२ पीएसआय, २३० म्हणजे ३३, २५० म्हणजे ३६. बारमध्ये असेल तर साडेचौदाने गुणा.

टायरच्या अंगावर इंग्रजीत कमाल दाब म्हणून ४४ किंवा ५१ पीएसआय असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो आकडा भरायचा नसतो. तो टायर सोसू शकतो त्याची हद्द आहे. तोच टायर तीन वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो, मग टायर बनवणाऱ्याला तुमच्या गाडीचा आकडा कसा कळणार? तो गाडी बनवणारा सांगतो, दाराच्या आत.

मोजायचं ते गार टायरवर. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा दोनेक किलोमीटरहून जास्त चाललेली नसावी. सकाळी, ऊन यायच्या आत, अंगणातच मोजा. ऊन एका बाजूने आलं तर त्या बाजूची दोन चाकं जास्त आकडा दाखवतात आणि माणूस गोंधळतो. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवा, जमिनीवर ठेवली की हरवते. गेज सरळ, एका दाबात बसवा. फुस्स आवाज येत राहिला तर ते तिरपं बसलंय, आकडा कमी दाखवेल. काढून पुन्हा लावा. दोनदा सारखा आकडा आला की तो खरा. गेज साधं काट्याचं चालेल किंवा डिजिटल, पण स्वतःचं हवं. पंपावरची मशीन दिवसभर आपटत असतात आणि दोन पंपांचे आकडे सहसा जुळत नाहीत. आपलं गेज एकच असलं की निदान चारी चाकं एका मापाने मोजली जातात.

घरी पंप नसेल तर हवा भरायला पंपावर जावंच लागतं आणि तिथे पोचेपर्यंत टायर गरम होतो. त्याला उपाय आहे. समजा स्टिकर ३३ सांगतो आणि सकाळी अंगणात पुढच्या डाव्या चाकात २८ भरले. म्हणजे ५ कमी. कागदावर "पुढचं डावं, ५" लिहा, बाकी तीन चाकांचंही लिहा. पंपावर पोचल्यावर तेच चाक ३१ दाखवेल. त्यात ५ घालून ३६ करा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजाल तर ३३ मिळेल. हे एकदा करून बघितलं की गार आणि गरम यातला फरक आयुष्यभर लक्षात राहतो.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. उन्हाळा लागला की आपल्याकडे एक सल्ला सर्रास फिरतो: "ऊन आहे, हवा कमी ठेव, नाहीतर टायर फुटेल." भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून सल्ला पटतोही. पण तो उलटा आहे. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत जमिनीला टेकताना जास्त दबते आणि वर जाताना सरळ होते. १५ इंची रिमचा साधा टायर किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे मारतो. प्रत्येक फेऱ्यात ती भिंत एकदा वाकते. लोखंडी तार हाताने वाकवत राहिलं की वाकवलेल्या जागी ती गरम लागते, तसंच रबराचं होतं, फक्त इथे मिनिटाला शेकडो वेळा. ही उष्णता आतून येते, वरून तापलेला डांबरी रस्ता, त्यात पाच माणसं आणि सामान. एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्यापर्यंत सपाट रस्ता आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नाही. रबर आणि आतले धागे सुटतात आणि टायर जातो. उन्हाने वाढणारी चार-पाच पीएसआय कंपनीने हिशेबात धरलेलीच असते, म्हणून तर आकडा गार टायरचा दिलेला असतो. वाटेत ढाब्यावर थांबून गरम टायर मोजू नका आणि मोजलाच तर हवा सोडू नका. सोडली तर गार झाल्यावर टायर कमी हवेवर येतो आणि पुढच्या पन्नास किलोमीटरला आणखी तापतो.

हवामानाचा खरा फरक सकाळच्या आकड्यात दिसतो. तापमान १० अंशांनी बदललं की दीड ते दोन पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात पहाटे २८ अंशांत ३३ भरलेला टायर जानेवारीत, धुळ्याला पारा १० वर आला की, कुठेही गळती नसताना ३० च्या आसपास दाखवेल. म्हणून थंडी सुरू झाल्यावर एकदा आणि उन्हाळा सुरू होताना एकदा नक्की जुळवून घ्या. एरवी महिन्यातून एकदा पुरे, कारण चांगला टायरही महिन्याला एखाद-दोन पीएसआय सोडतोच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. परत पाठवताना डिकीत पापड-कुरडयांचे डबे, धान्याची गोणी, मागच्या सीटवर तीन माणसं आणि मांडीवर पोरं. त्या दिवशी स्टिकरचा दुसरा रकाना वाचायचा. मागच्या चाकांचा आकडा बहुतेक गाड्यांत चांगलाच वाढतो. चैत्रात सप्तशृंगी गडावर जाताना, कन्नडच्या घाटात चढताना हेच. सामान उतरलं की दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिल्या रकान्यावर या, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं उड्या मारतात आणि टायर मधोमध झिजतो. कडा झिजलेल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कायम कमी राहिली आहे. विकाऊ गाडीचे टायर बघताना मी हाच हिशेब लावतो, मालकाने गाडी कशी ठेवली ते टायर सांगतो.

चारही चाकं सारखी उतरली असतील तर काळजीचं काही नाही. एकच चाक दर आठवड्याला उतरत असेल तर शोध घ्या. आपल्याकडे शिवारातल्या रस्त्यांवर बाभळीचा काटा रुततो आणि ट्युबलेसमध्ये तो स्वतःच भोक धरून ठेवतो, हवा अगदी हळू जाते. साबणाचं पाणी टायरभर फिरवा, बुडबुडा येईल तिथे खूण करा, काटा उपटू नका, खुणेसकट दुकानात न्या. व्हॉल्व्हच्या तोंडाशीही साबणाचा थेंब टाका. तिथे बुडबुडा आला तर आतली पिन बदलून मिळते, खर्च नगण्य. रिमच्या कडेला आला तर बहुधा खड्ड्यात रिम वाकली आहे.

डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखं चिन्ह आणि मधे उद्गारचिन्ह पेटतं, ती हवेची सूचना. पण साध्या सिस्टिममध्ये ते हवा बरीच उतरल्यावर पेटतं, म्हणून त्याच्या भरवशावर गेज घरी ठेवू नका. नायट्रोजनबद्दल विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. भरायचा असेल तर भरा, मोजणं त्यानेही सुटत नाही.

टायरचं वय त्याच्या अंगावर असतं. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला ते चार आकडे नसतील तर टायरच्या आतल्या बाजूला असतील, खाली वाकून बघा. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, टायर बदला. नवा घेताना १८५/६५ आर १५ ८८ एच असलं सगळं लिहून न्या. ८८ म्हणजे एका टायरची ५६० किलो पेलण्याची ताकद, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. दुकानदार स्वस्तात कमी आकड्याचा देत असेल तर घेऊ नका.

शेवटी डिकीचा तळ उचला आणि स्टेपनी मोजा. तिच्यात हवा नसते, हे मी इतक्या गाड्यांत बघितलंय की आता तिथूनच सुरुवात करतो. ती बाकी चाकांएवढीच असेल तर तिच्यात पूर्ण भरलेल्या गाडीचा, मागच्या चाकाचा आकडा भरून ठेवा, गरज पडली की सोडता येते, रस्त्यावर भरता येत नाही. स्टेपनी बारीक असेल तर तिचा आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो, काहींना ६० पीएसआय लागते, आणि सोबत वेगाची मर्यादाही असते, बहुधा ८०. जॅक, पाना आणि चाकाचे नट सैल होतात का तेही त्याच वेळी अंगणात बघून घ्या. कोंडाईबारीच्या घाटात संध्याकाळी पहिल्यांदा पाना लावून बघायची वेळ कुणावर येऊ नये.